दोर सोडल्याचं लिहिलेलं नाही

दुसऱ्याच्या घराची किल्ली सांभाळायला कधी घेऊ नये, हे मी आता शहाणपणानं सांगते. तेव्हा घेतली. कुलूप समोरच्या झिराडकरांच्या दाराचं आणि आत त्यांचे वडील. म्हणजे ती घराची राखण नव्हती, माणसाची होती. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कौशल्या, नसती उठाठेव करू नकोस." पण मी ऐकते थोडीच!

आम्ही तेव्हा गुडगावला नवीनच आलो होतो. ह्यांची सगळी नोकरी केंद्र सरकारात, त्यामुळे संसार सगळा आर. के. पुरमच्या क्वार्टरात झाला. मग ऑफिसच्या लोकांनी मिळून सोसायटी काढली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एकदाचा फ्लॅटचा ताबा मिळाला. ताबा कसला! मोहरीच्या शेतात उभे केलेले चार मनोरे, भोवती किकरची काटेरी झुडपं. लिफ्ट होती तर वीज नव्हती, नळ होते तर पाणी नव्हतं. जाहिरातीतल्या चित्रात तलाव आणि बदकं होती. तलावाच्या जागी टँकर यायचा. बदकांचं काय झालं ते बिल्डरलाच ठाऊक.

सहाव्या मजल्यावर आमच्या समोर पाटी लागली, "प्रा. एझ्रा हनोख झिराडकर". मी म्हटलं, झिराड म्हणजे अलिबागजवळचं, आपली माणसं दिसतायत. पण हे एझ्रा काय? आणि दाराच्या चौकटीला पितळेची एक बारीक डबी तिरकी ठोकलेली. येता-जाता घरातलं प्रत्येक जण तिला बोटं लावून ती ओठांना लावायचं. तिसऱ्या दिवशी मी साखर मागायच्या निमित्तानं गेलेच. तर ते बेने इस्राएल निघाले, आपले कोकणातले यहुदी, आणि त्या डबीत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी. घरात अस्खलित मराठी, सोलकढी, बोंबलाची चटणी. प्रोफेसरांचे वडील, हनोख आबा, मला म्हणाले, "आम्हाला गावात शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. दोन हजार वर्षं कोकणात आहोत बाई, तुमच्या पेशव्यांच्या आधीपासून." मी म्हटलं, "मग साखर द्या, पेशवे उधार मागायला आलेत." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथून आमचं जमलं.

प्रोफेसर दिल्लीत कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. तेही क्लिनिकल, म्हणजे नुसतं पुस्तकी नाही, दुखणाईत मनाची माणसं समोर बसवून त्यांचं ऐकायचं. रविवारी घरीही लोक यायचे. मानेसरच्या कारखान्यातला एक इंजिनियर होता, त्याला कंपनीच्या बसमध्ये चढलं की गुदमरायचं. फरीदाबादचा एक चाळिशीचा गृहस्थ अजून वडिलांना फोन करून विचारायचा की आज शर्ट कुठला घालू. प्रोफेसर तासभर गप्प बसून ऐकायचे. काटकुळा माणूस, पँट घोट्याच्या वर, स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर घालूनच जिना चढायचा. बोलले तर चांगलं बोलायचे, पण बोलायचेच कमी. मी एकदा म्हटलं, "तुमचं बरं आहे, गप्प बसण्याचा पगार मिळतो." ते म्हणाले, "वहिनी, गप्प बसणं तुम्ही एकदा करून बघा, मग पगाराचं बोलू." बोचलं, पण खोटं नव्हतं.

त्यांचं एक पुस्तक चाललं होतं. वर्षानुवर्षं चाललं होतं. मनोविश्लेषण आणि यहुद्यांचा धर्मग्रंथ ह्यांची सांगड घालायची, असा काहीतरी विषय. मला काय कळणार? पण एका गणपतीत आमच्या मराठी मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं, आणि ते मला जे कळलं ते अजून विसरता आलेलं नाही.

ते म्हणाले, "मनोविश्लेषणवाल्यांची एक लाडकी ग्रीक गोष्ट आहे. मुलगा नकळत बापाला मारतो, आणि पुढे कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेतो. आमच्या ग्रंथातली गोष्ट उलटी आहे. देव अब्राहामाला सांगतो, तुझा लाडका मुलगा इसहाक मला अर्पण कर. बाप मुलाला डोंगरावर नेतो, लाकडं रचतो, मुलाला बांधतो, सुरी उचलतो. आणि देवदूत हाक मारतो, थांब. कुणी मरत नाही. सगळे म्हणतात, किती छान. पण मी लहानपणापासून एकच विचारतोय. बांधल्याचं स्वच्छ लिहिलंय. सोडल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. बाप मुलाऐवजी झुडपात अडकलेला मेंढा कापतो, डोंगर उतरतो, पायथ्याशी थांबवलेल्या चाकरांकडे परत येतो. त्या ओळीत मुलाचं नावच नाही. मग दोर सोडला कोणी? माझ्याकडे रविवारी जी माणसं येतात ना, ती सगळी अजून त्या डोंगरावर आहेत. सुरी कधीच बाजूला झाली आहे. लोक म्हणतायत, वाचलास, आता आनंद मान. आणि ह्यांच्या अंगावर दोर तसाच."

हॉलमध्ये मंडळी मोदकाची वाट बघायची विसरली. आबा पहिल्या रांगेत बसले होते, मी त्यांच्या शेजारी. मला वाटलं, लेकाचं कौतुक म्हणून डोळे पुसतायत. आता वाटतं, बाई, तुला तेव्हाच कळायला हवं होतं. पण दिव्याखालचा अंधार दिवा विझल्याशिवाय कुणाला दिसतो?

घरात तेव्हा प्रोफेसरांची बायको लेआवहिनी होती आणि मुलगी दीना. इस्राएलला जायचं कधीचं घाटत होतं. लेआवहिनीचं सगळं माहेर तिकडे अश्दोदला. आबा काही जायला तयार नव्हते. म्हणायचे, "मला कोकणात नेऊन टाका नाहीतर इथेच राहू द्या, ह्या वयात नवा समुद्र नको." शेवटी मायलेकी पुढे गेल्या. प्रोफेसर बायकोला म्हणाले, "बाबा आहेत तोवर मला हलता येणार नाही. तुम्ही व्हा पुढे." लेआवहिनी जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "कौशल्याताई, हे येणार नाहीत. बाबा शंभर वर्षं जगले तरी नाही, आणि उद्या गेले तरी नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" तिनं नवरा जास्त ओळखला होता.

मग घरात दोघंच, बाप आणि लेक. आबांनी सारी उमर मुंबईला गोदीत सुतारकाम केलेलं, हात हलते असायचे. आणि कीर्तन! हो, बेने इस्राएलांत कीर्तन असतं, मलाही ठाऊक नव्हतं. नोहाचं, योसेफाचं, अब्राहामाचं आख्यान, आपल्यासारखं आर्या-दिंडी लावून, मराठीत. आबा एकेकाळी नावाजलेले कीर्तनकार. क्षिप्रा, माझी मुलगी, दिल्लीत वाढलेली, तिला अर्धे शब्द कळायचे नाहीत, पण ती जाऊन बसायची. मला म्हणाली, "आई, आजोबा गातात तेव्हा सगळं बिल्कुल डोळ्यांसमोर दिसतं, पण इसहाकची स्टोरी ते हमेशा बीचमध्येच सोडतात." खरंच सोडायचे. मुलाला बांधलं, इथवर आलं की टाळ खाली.

एक दिवस आबा घरातून निघून गेले. कोट घालून, टोपी घालून, हातात पिशवी. कुणाला न सांगता. संध्याकाळी दूधवाला त्यांना स्कूटरच्या मागे बसवून घेऊन आला. आमचे चारी मनोरे सारखे, पलीकडच्या सोसायटीचेही तसेच, म्हातारा माणूस उन्हात फिरत राहिलेला. विचारलं तर म्हणाले, "रेल्वेचं तिकीट काढायला निघालो होतो." कुठलं? तर अलिबागकडचं. प्रोफेसरांचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दरवाजाला कुलूप आणलं. सकाळी कॉलेजला जाताना कुलूप लावायचं आणि किल्ली माझ्या हातात द्यायची. "वहिनी, काही लागलं तर बघा. पण बाहेर सोडू नका. त्यांना समजत नाही आता."

मी घेतली किल्ली. शेजारधर्म म्हणून घेतली. आणि खोटं कशाला बोलू, माणसाला भरवसा ठेवलेला आवडतो.

आतला लाकडी दरवाजा आबा उघडा ठेवायचे आणि जाळीला लागून खुर्ची टाकून बसायचे. मी माझ्या दारात मटार सोलत, ते त्यांच्या जाळीमागे. असा आमचा दिवस जायचा. जाळीतून दोन बोटं बाहेर काढून ते चौकटीवरच्या त्या डबीला लावायचा प्रयत्न करायचे. पोचायची नाहीत. मला बघवायचं नाही. मी कुलूप काढून त्यांना जिन्यापर्यंत फिरवून आणायची, आणि परत आत, परत कुलूप. पिंजऱ्यातला पोपट तरी काही बोलतो. आबा काही बोलायचे नाहीत, गुमान आत जायचे.

एकदा मीच चिडले. "आबा, तुम्हाला राग नाही येत? पोटच्या पोरानं कोंडून ठेवलंय!"

आबा हसले. "कोंडलंय कुठे? ही जाळी ठेकेदारानं उलटी बसवलीय. बघ, बिजागऱ्या आतल्या अंगाला. चार स्क्रू काढले की मी बाहेर. सुताराला कोण कोंडणार?"

मी बघितलं. खरंच, बिजागऱ्या आतून होत्या.

"मग बसलात कशाला असे?"

"एकदा गेलो ना एकटा. चुकलं ते माझं. एकट्यानं जाऊन उपयोग नाही. तो बरोबर पाहिजे." आणि मग त्यांनी सांगितलं. हळूहळू, दोन-तीन दुपारींत.

त्यांची तीन मुलं जन्मून गेली होती. चौथ्या वेळी त्यांनी एलियाहू हन्नबीला नवस केला. हा त्यांचा पैगंबर, रथातून स्वर्गात गेलेला. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या उमटल्यात, असं ते लोक मानतात. नवस असा, की हे मूल जगलं तर ह्याचे केस राखीन, सातव्या वर्षी उतरवीन, केसांच्या भाराची चांदी देवळात देईन. आणि मग त्या खडकावर मलिदा करून, पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणेन, हे लेकरू तुझं, माझा हक्क सोडला. मूल जगलं. तेच आमचे प्रोफेसर.

"केस उतरवले," आबा म्हणाले. "चांदी दिली. खंडाळा राहिला. त्याच वर्षी त्याची आई गेली. लोक म्हणाले, पुढच्या वर्षी जा. पण खरं सांगू का कौशल्याबाई, तो राहिला नाही, मी ठेवला. तीन पोरं गेलेली, बायको गेलेली, आणि उरलेल्या एकावरचा हक्क सोडला म्हणू? माझी छाती झाली नाही. मग तो मोठा झाला. परदेशी शिकायला निघाला, तर मला ताप आला. लग्न झालं, वेगळं घर बघायला लागला, तर माझी कंबर धरली. दुखणी खोटी नव्हती गं. पण यायची बरोबर वेळेवर. आणि तो प्रत्येक वेळी थांबला. आता लेआ गेली, दीना गेली, हा अजून थांबलाय. मी बांधला त्याला. सोडायचा राहिलाय. जगभर विचारत फिरतो, दोर कोणी सोडला, दोर कोणी सोडला. अरे, सोडणारा घरात बसलाय, त्याला घेऊन चल की!"

 घरी येऊन क्षिप्राला सांगितलं तर ती म्हणाली, "नवस म्हणजे मन्नत ना? मग पूर्ण करून टाका ना यार, इतना क्या!" लहान तोंडी मोठा घास, पण मलाही तेच वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी प्रोफेसरांना जिन्यातच गाठलं. लिफ्ट बंद होती म्हणून पळता येईना त्यांना. सगळं सांगितलं. हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून त्यांनी ऐकलं, रविवारच्या माणसांचं ऐकतात तसं.

"मला माहीत आहे हे वहिनी," ते म्हणाले. "म्हातारपणी जुनी अपराधाची भावना अशी एखाद्या विधीला जाऊन चिकटते. विधी केल्यानं ती जात नाही."

"करून तरी बघा."

"त्यांना प्रवास झेपणार नाही."

"आणि कोंडणं झेपतंय?"

ते गप्प. मला एरवी त्या गप्प बसण्याचा धाक वाटायचा, त्या दिवशी नाही वाटला. मी म्हटलं, "अहो, तुमच्या गोष्टीतला बाप दोर सोडायला उठलाय, आणि तुम्ही त्याला कुलूप लावून कॉलेजात विचारताय की दोर कोणी सोडला! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही तऱ्हा झाली!"

"दिवाळीच्या सुट्टीत नेतो," ते म्हणाले, आणि वर गेले.

दिवाळी आली. परीक्षेचे पेपर आले, कुठल्या कॉन्फरन्सचं निमंत्रण आलं. मग म्हणाले, उन्हाळ्यात. उन्हाळ्यात म्हणाले, एवढ्या उन्हात? आबा काही म्हणायचे नाहीत. जाळीला टेकून बसायचे. मी मात्र आतल्या आत जळत होते. मला हळूहळू उमगायला लागलं होतं की कुलूप आबांसाठी नव्हतंच. आबांनी एकदा हक्क सोडला म्हटलं की ह्या माणसाला जावं लागणार होतं. बायको समोर उभी राहून विचारणार, आता? आणि तेव्हा कारण म्हणून सांगायला बाप नसणार. दोर टोचत असेल, पण अंगाला सवय झालेली असते.

पावसाळा सरता सरता आबांनी अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. आबांना काही खायचं नव्हतं. मला म्हणाले, "खंडाळा आता होत नाही. खडक राहू दे. तू मलिदा कर, इथेच करू."

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वरून पाच फळं. सोपा पदार्थ. पण माझा हात मेला सवयीचा, पोहे म्हटल्याबरोबर मी मोहरीची फोडणी टाकून मोकळी झाले. वास घेऊनच आबा म्हणाले, "कौशल्याबाई, हन्नबी येईल तो नाश्ता करून जाईल." पुन्हा केला. ताट सजवलं, उदबत्ती लावली. प्रोफेसर पलंगाशी खुर्चीवर. दारात मी. दुपार होती, वीज गेलेली, खाली कुठेतरी जनरेटर धडधडत होता.

आबांनी बसतं करायला सांगितलं. उशा लावल्या. बारीक आवाजात त्यांनी स्तोत्र म्हटलं, ते मला कळलं नाही. मग प्रोफेसरांच्या डोक्यावर हात ठेवला. सुताराचा हात, पंजा मोठा. म्हणाले, "हे लेकरू मी मागून घेतलं होतं. देतो म्हणालो, दिलं नाही. धरून ठेवलं. आता सोडलं. जा एझ्रा, कुठे जायचं तिथे जा. माझा हक्क नाही."

आणि थांबले. त्यांच्यात आशीर्वाद दिला की घेणाऱ्यानं आमेन म्हणायचं असतं, तेव्हा तो पुरा होतो. आबा लेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

प्रोफेसरांची खाली मान. मग म्हणाले, "बाबा, तुम्ही बरे व्हा. दिवाळीत आपण खंडाळ्याला जाऊ. तिथे म्हणेन मी."

"इथे म्हण."

"तिथे म्हणेन बाबा. नक्की."

हात तसाच डोक्यावर. मला तो हात बघवेना. राग आला, रडू आलं, आणि मी दारातूनच ओरडले, "आमेन!"

आबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. हसले. "तुझं चालत नाही पोरी. ज्याला सोडायचं त्यानं म्हणायचं." आणि हात खाली घेतला. मलिद्याचा एक घास खाल्ला, चांगला झालाय म्हणाले.

दिवाळीच्या आधीच ते गेले. हुमायून रोडच्या दफनभूमीत नेलं. प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात, नऊ जमले आणि दहाव्यासाठी आम्ही सगळे उन्हात थांबलो. शेवटी कुठल्याशा वकिलातीतला एक गोरा पोरगा टाय सैल करत धावत आला. मग लेकानं बापासाठी म्हणायची ती प्रार्थना प्रोफेसरांनी म्हटली. ते एक ओळ म्हणायचे आणि सगळे म्हणायचे, आमेन. पुन्हा ओळ, पुन्हा आमेन. त्या माणसाच्या भोवती आमेनच आमेन, आणि त्याचं एक राहिलेलं. मी पदर तोंडात कोंबून उभी होते. ह्यांना वाटलं, मी आबांसाठी रडतेय. दोघांसाठी रडत होते.

लेआवहिनीचा फोन आमच्याकडे यायचा, कारण समोर तो कुणी उचलायचा नाही. ती म्हणायची, "आता तरी?" मी निरोप सांगायची. प्रोफेसर म्हणायचे, "पुस्तक पुरं झालं की." हे नवीन होतं. बाप गेला, तर पुस्तक पुढे आलं. लेआवहिनी फोनवर नुसती म्हणाली, "सांगितलं होतं ना तुम्हाला." दीनाचं लग्न ठरलं होतं. ती फोनवर मला म्हणाली, "मावशी, पप्पा नसले तर मी कुणाच्या हाताला धरून जाऊ?" काय सांगणार मी तिला?

आणि आता ते कुलुपाचं. सुतकाचे सात दिवस संपले आणि प्रोफेसर कॉलेजला निघाले. जाळीला कुलूप लावलं, आणि किल्ली माझ्या हातात. मी काही न बोलता घेतली. सवय असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही. आत कुणी नाही. रिकामी खुर्ची जाळीला लावलेली, ती त्यांनी हलवलीसुद्धा नव्हती. संध्याकाळी यायचे, किल्ली मागायचे, कुलूप काढायचे, आत जायचे. महिनाभर मी हा खेळ चालू दिला. ह्यांनी सांगितलं होतं, तू मध्ये पडू नकोस. मी खरंच पडले नाही.

पण दीनाच्या त्या फोननंतर सकाळी त्यांनी किल्ली पुढे केली, आणि मी हात मागे घेतला.

"घेणार नाही," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. किल्ली तशीच पुढे. "काय झालं वहिनी?"

"प्रोफेसर, आत कोण आहे आता?"

ते वळले. जाळीतून आत बघितलं. खुर्चीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, आणि सांगते, फार कठीण असतं ते. पगार द्यावाच लागेल.

मग त्यांनी वाकून जाळीतून बोट आत घातलं आणि कडेला फिरवलं. आतल्या अंगाच्या त्या बिजागऱ्यांवरून. एक, मग दुसरी. मला म्हणाले, "ह्या आतून आहेत."

"आबांना माहीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हा माणूस आता इथेच खाली बसणार. नाही बसले. कुलपात किल्ली घालून त्यांनी कुलूप काढलं आणि स्कूटरच्या पिशवीत टाकलं. जाळी नुसती ओढून घेतली. हेल्मेट काढलं. चौकटीवरच्या डबीला दोन बोटं लावली, ओठांना लावली, आणि डोकं थोडं खाली झुकवलं, वरून कुणाचा तरी पंजा ठेवलेला असावा तसं.

"आमेन," म्हणाले.

माझ्याशी नव्हते बोलत. अगदी हळू म्हणाले, पण स्वच्छ.

मग लिफ्टचं बटण दाबलं. वीज नव्हती. जिन्यानं निघाले. सहा मजले त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, मी कठड्याला धरून ऐकत होते. खाली स्कूटर सुरू झाली आणि मला हुंदका फुटला. ज्या म्हाताऱ्याला तो एक शब्द ऐकायचा होता, तो ऐकायला नव्हता. ऐकला मी, जिचं चालत नाही.

मी समोर गेले, जाळी ढकलली, आणि आबांची खुर्ची आत भिंतीला नेऊन ठेवली.